जॅकेट चढताना घालायचं की थांबल्यावर?

पन्नाशीला टेकलेल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. गेल्या वर्षी त्या एका उंचावरच्या ट्रेकला गेल्या होत्या. खिंड ओलांडायच्या दिवशी गट पहाटे दोनला निघाला. त्यांनी तंबूतच असतील नसतील ते सगळे कपडे चढवले, वर खास या ट्रेकसाठी घेतलेलं, ‘उणे २०’ असं लेबल असलेलं जाड जॅकेट घातलं आणि चालायला सुरुवात केली. खिंडीखाली दोर बांधून होईपर्यंत सगळे अर्धा तास थांबले. तिथे त्यांना अशी हुडहुडी भरली की धड बोलताही येईना. एका सोबत्याबरोबर त्यांना खाली पाठवावं लागलं, बाकीचे खिंड ओलांडून गेले. आता तोच गट पुन्हा निघतो आहे. वरचा मुक्काम ४,३०० मीटरवर आणि खिंड ५,२०० मीटरवर. जॅकेटवरून घरीदारी मतं मागितली तर गोंधळच वाढला. एक मैत्रीण म्हणते, मोठ्या मोहिमांवर नेतात तसलं जाडजूड डाऊन, म्हणजे पिसं भरलेलं, जॅकेटच घे. गटातला एक जण म्हणतो, डाऊन भिजलं की खेळ खलास, कृत्रिम तंतू भरलेलं सिंथेटिकच घ्या. मुलगा म्हणतो, आठ दिवसांसाठी विकत कशाला, भाड्याने घे. त्या लिहितात, ‘मी मुळातच थंडीला कच्ची आहे. या वेळी कुणावर ओझं व्हायचं नाही. सगळ्यात गरम जॅकेट कोणतं, तेवढं सांगा.’

मैत्रिणी,

नाव सांगून मोकळं होता आलं असतं, पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही लिहिलंय, ‘चढताना आतून इतकी ओली झाले होते की पाठीवरून धारा लागल्या होत्या, पण थंडीच्या भीतीने जॅकेट काढलं नाही.’ तुम्ही हे जाता जाता लिहून गेलात. माझ्या मते त्या पहाटेचा सगळा उलगडा याच वाक्यात आहे, आणि त्यात जॅकेटच्या जाडीचा दोष फार थोडा आहे.

कुठलंही जॅकेट उष्णता कमावत नाही, तुमच्या शरीराने कमावलेली ते फक्त राखतं. पिसं असोत की कृत्रिम तंतू, काम दोघांचं एकच: हवा बारीक बारीक कप्प्यांत अडकवून ठेवायची आणि ती हलू द्यायची नाही. थंडी अडवते ती ही स्थिर हवा. कमाईचं गणित मात्र तासातासाला बदलतं. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर साधारण १०० वॅट उष्णता तयार करतं. पाठीवर सॅक घेऊन चढण चढताना हाच आकडा सहज चार-पाच पट होतो. म्हणजे चढताना तुम्ही स्वतःच एक शेगडी असता. त्या शेगडीवर बसल्या जागी घालायचं जॅकेट चढवलंत की जास्तीची उष्णता बाहेर टाकायला शरीराकडे घामाशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. घाम आतल्या कपड्यात मुरतो, मग फ्लीसमध्ये, म्हणजे लोकरीसारख्या मऊ कृत्रिम कापडाच्या थरात, मग जॅकेटच्या भरणात. आणि पाणी हवेपेक्षा वीस पटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतं. चढ चालू आहे तोवर हे कळत नाही, कारण कमाई चालू असते. पाय थांबले की कमाई एकदम पाव होते, अंगावर ओले कपडे असतात, आणि पहाटेची सगळ्यात थंड वेळ असते. तुमचा तो अर्धा तास असा गेला.

पिसांची टाचलेली जॅकेटं घडवणाऱ्या सुरुवातीच्या मंडळींपैकी एक म्हणजे अमेरिकेतले एडी बाउर. १९४० मध्ये त्यांना अशा जॅकेटसाठी पेटंट मिळालं. त्यांना ही कल्पना सुचली ती हिवाळ्यातल्या मासेमारीहून परतताना, असं सांगतात. ओझं घेऊन चढताना अंगातले लोकरीचे कपडे घामाने भिजले, मग गारठले आणि जिवावर बेतलं. थोडक्यात, तुमच्यावर गुदरलेला प्रसंग नवा नाही, आणि तो ‘कच्च्या’ माणसांवरच गुदरतो असंही नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला विनाखर्चाचा आहे. जाड जॅकेट थांबण्याचं मानायचं, चालण्याचं नाही. तंबूतून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. पहिली दहा मिनिटं शिव्या द्याव्याशा वाटतील, द्या. पंधराव्या मिनिटाला अंग सुखावतं. चालण्याचे कपडे वेगळे: अंगालगत मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा पातळ थर, त्यावर पातळ फ्लीस, वारा असेल तर त्यावर वारा अडवणारं शेल. (तुमचं थर्मल सुती मिश्रणाचं होतं, असं तुम्ही कंसात लिहिलंय. ते घरी पांघरुणात वापरा, डोंगरावर नेऊ नका. सूत घाम पितं आणि सोडत नाही.) चालताना गरम व्हायला लागलं की घाम फुटायच्या आधी गळ्याची चेन उघडायची, मग टोपी काढायची, मग एक थर कमी करायचा. ‘जरा पुढे जाऊन काढते, आत्ता गट थांबणार नाही’ हा संकोच महागात पडतो.

आणि थांबल्यावर? सॅकच्या तोंडाशी सगळ्यात वर ठेवलेलं जॅकेट बाहेर काढायचं आणि पहिल्या मिनिटाला चढवायचं. पाणी, फोटो, गप्पा नंतर. थंडी वाजायला लागल्यावर जॅकेट शोधणं म्हणजे वरातीमागून घोडं. तोवर अंगातली ऊब गेलेली असते आणि जे जॅकेट ती राखणार त्याला राखायला काही उरलेलं नसतं. निघताना उलट क्रम: सॅक पाठीला लावायच्या अगदी आधी जॅकेट काढायचं.

जॅकेट ‘थांबण्याचं’ आहे हे एकदा पटलं की खरेदीतले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. ते चालण्याच्या सगळ्या कपड्यांवरून, शेलवरूनसुद्धा चढलं पाहिजे. शेल काढा, जॅकेट घाला, पुन्हा शेल घाला, असला कारभार वाऱ्यात हातमोजे घालून कुणी करत नाही. म्हणजे माप एका नंबरने मोठं. घट्ट शेलखाली जॅकेट कोंबलं तर पिसं चेपतात, आणि चेपलेल्या पिसांत हवा मावत नाही. दुकानात नुसत्या टी-शर्टवर जे अंगाला ‘शोभून दिसतं’ ते डोंगरावर हमखास लहान पडतं.

आता त्या ‘उणे २०’ कडे येऊ. तुम्ही त्या आकड्यावर विसंबलात यात नवल नाही, तो तिथे त्याचसाठी छापलेला असतो. स्लीपिंग बॅगसाठी आयएसओ २३५३७ नावाची चाचणी आहे. त्यात अंगासारखा गरम ठेवलेला पुतळा ठरलेल्या पद्धतीने बॅगेत झोपवून मोजमाप घेतात, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या बॅगांचे आकडे शेजारी ठेवून बघता येतात. थंडीत काम करणाऱ्या कामगारांच्या कपड्यांसाठीही ईएन ३४२ हे युरोपीय मानक आहे. ट्रेकिंगच्या जॅकेटांना मात्र असं सगळ्यांना बांधून ठेवणारं मोजमाप नाही. उणे २० मध्ये बसून की चालत, आत काय घालून, वारा किती, किती वेळ, हे लेबल सांगत नाही. त्यात वाऱ्याने सगळी गणितं फिरतात. थर्मामीटर उणे १० दाखवत असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला तर उघड्या त्वचेला ते उणे २० च्या आसपास लागतं.

त्या लेबलपेक्षा स्वतःचा हिशोब मांडा. उंची १,००० मीटर वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. तुमच्या मुक्कामापासून खिंड ९०० मीटर वर आहे, म्हणजे जवळपास सहा अंशांचा फरक. गेल्या मोसमात त्या मुक्कामावर पहाटे किती होतं, हे तुमच्या ट्रेक लीडरला विचारा. तो उणे ८ म्हणाला तर खिंडीवर उणे १४ धरा, वर वारा. तुम्हाला जॅकेट लागणार आहे ते या तापमानात अर्धा-पाऊण तास उभं राहायला आणि मुक्कामावर संध्याकाळी दोन-तीन तास बसायला. गरज एवढीच आहे. मोहिमेचं जॅकेट यापेक्षा फार मोठ्या गरजेसाठी बनवलेलं असतं.

तुमच्या मैत्रिणीचा सल्ला प्रेमापोटी आहे, पण सहा-सात हजार मीटरच्या वर तंबू टाकणाऱ्यांचं जॅकेट तुमच्या सॅकमध्ये अर्धी जागा खाईल. वजन किलोच्या घरात जातं. ते घालून पाच पावलं चढलात तरी पुन्हा घामाघूम. आणि एवढं अवजड वस्त्र असलं की माणूस ते ‘आणलंच आहे तर’ म्हणून घालून चालतो, हा माझा जुना अनुभव आहे. अर्थात काळाच्या पुढचं जॅकेट आणलं म्हणून कुणाला हसूही नये. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच यांनी फुग्यांसाठी वापरतात त्या कापडात आयडर बदकाची पिसं भरून कोट शिवून नेला होता. ट्वीड आणि लोकरीतल्या सोबत्यांना तो कोट विचित्रच वाटला. वर गारठा झोंबायला लागल्यावर त्याची थट्टा थांबली. फिंच त्या मोहिमेत ८,३०० मीटरच्या पलीकडे पोहोचले.

डाऊन की सिंथेटिक, या भांडणात दोन्ही बाजू अर्धं खरं बोलतात.

डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या पोटाकडची, काडी नसलेली मऊ पिसं. वजनाच्या मानाने इतकी ऊब देणारं दुसरं भरण अजून तरी नाही. चेपून मुठीएवढं होतं, सोडलं की फुलतं, आणि नीट वागवलं तर वर्षानुवर्षं टिकतं. जॅकेटवर ६००, ७००, ८०० असा जो फिल पॉवरचा आकडा असतो तो या फुलण्याचा: एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, पिसं किती घनइंच जागा व्यापतात. ८०० म्हणजे साधारण १३ लिटर. आकडा मोठा तेवढी पिसं उत्तम, हे खरं. पण आकडा मोठा तेवढं जॅकेट गरम, हे खरं नाही, आणि इथे चांगले चांगले फसतात. कारण ऊब ठरते ती पिसांचा दर्जा आणि पिसांचं वजन या दोन्हींवर. ८०० ची पिसं १०० ग्रॅम भरली तर एकूण फुगवटा सुमारे ४६ लिटर होतो. ६०० ची पिसं २०० ग्रॅम भरली तर सुमारे ६९ लिटर. दुसरं जॅकेट वजनाला जास्त असेल, पण उबेला पहिल्याच्या पुढे. म्हणून विचारायचा प्रश्न: ‘आत भरण किती ग्रॅम?’ जॅकेटचं एकूण वजन नव्हे, भरणाचं. चांगल्या कंपन्या हा आकडा देतात. जिथे तो लपवलेला असतो तिथे मी जरा सावध होतो.

तुमच्या हिशोबासाठी, म्हणजे उणे १० ते १५ मध्ये थांबण्यासाठी, आत नीट थर असतील तर ७०० च्या पुढची पिसं आणि १५० ते २०० ग्रॅम भरण, हुड असलेलं, अशा मधल्या वर्गातलं जॅकेट पुरावं. एकूण वजन साधारण ४०० ते ५५० ग्रॅम. तुम्हाला इतरांपेक्षा थंडी जास्त वाजते, म्हणून २०० कडे झुका. सत्तर-ऐंशी ग्रॅम भरलेलं, घडी केली की तळहातावर मावणारं पातळ जॅकेट दिसायला मोहक असतं, पण तुमच्या खिंडीसाठी ते अपुरं आहे.

आता तुमच्या गटातल्या सिंथेटिकवाल्या गृहस्थांचा मुद्दा. पिसं भिजली की त्यांचे गोळे होतात, हवा धरायची जागाच उरत नाही आणि तंबूत ती वाळता वाळत नाहीत. सिंथेटिक भरण ओलं झालं तरी बरीचशी ऊब राखतं आणि लवकर वाळतं. मुळात प्रिमालॉफ्टसारखी भरणं जन्माला आली तीच १९८० च्या दशकात, अमेरिकी सैन्याला भिजल्यावरही काम देणारा पिसांचा पर्याय हवा होता म्हणून. पण त्याची किंमत वजनात आणि जागेत मोजावी लागते: तेवढ्याच उबेसाठी सिंथेटिक जड आणि बोजड. शिवाय पुन्हा पुन्हा पिशवीत कोंबून काही मोसमांत त्याची फुगण्याची ताकद ओसरते.

मग ठरवायचं कसं? तुमच्या वाटेवर ओल कुठून येणार, हे बघून. उंचावरची कडाक्याची थंडी बहुधा कोरडी असते. तिथलं बर्फ अंगावरून झटकून टाकता येतं. अशा वेळी, तंबूत मुक्काम असताना, डाऊनला तोड नाही. पण तुमचा मोसम पावसाचा असेल, खालचे दोन-तीन मुक्काम भिजत करायचे असतील, किंवा वितळणाऱ्या ओल्या बर्फात तास काढायचे असतील तर सिंथेटिक घ्या आणि अर्धा किलो जास्त वाहा. तुम्ही लिहिलेल्या तारखा कोरड्या मोसमातल्या आहेत, म्हणून मी डाऊनकडे झुकतो, एका अटीवर: ते सॅकमध्ये जलरोधक पिशवीतच राहील आणि घामट अंगावर चढाला वापरलं जाणार नाही. ‘पाणी न शोषणारी’ प्रक्रिया केलेली पिसं मिळतात. ती दव आणि थोडा ओलावा जास्त वेळ सोसतात, पण पावसात उभं राहायचा तो परवाना नाही. आणि घाम आवरणं जमणार नाही असं स्वतःबद्दल प्रामाणिकपणे वाटत असेल, तर सिंथेटिक घेण्यात कमीपणा नाही. त्याला तुमच्या चुका जास्त चालतात.

दुकानात काय बघायचं, यावर मात्र मी जरा रेंगाळणार आहे, कारण आकडे घरी बसून वाचता येतात, हे नाही.

जाताना ट्रेकचे कपडे घालून जा. फ्लीस, शेल, हातमोजे आणि टोपी बरोबर हवीच. सगळं चढवा आणि त्यावर जॅकेट घाला. दोन्ही हात सरळ डोक्यावर न्या: कमरेची कड वर सरकून पोट उघडं पडलं तर ते ठेवून द्या. हात पुढे करून स्वतःला मिठी मारा: पाठीवर ताण आला तर तिथली पिसं चेपली जाताहेत. टोपीवरून हुड घ्या आणि मान डावी-उजवीकडे वळवा. हुड तुमच्याबरोबर वळलं पाहिजे, तुम्ही हुडच्या आत वळून त्याच्या शिवणीकडे बघत राहिलात तर अंधारात पाय कुठे पडतोय ते दिसणार नाही. जाड हातमोजे घालून चेन तळापासून गळ्यापर्यंत लावा आणि उघडा, दोन-तीनदा. दात आतल्या कापडात अडकत असतील तर पहाटे उणे बारामध्ये ते नक्की अडकणार. चेनच्या मागे पिसांची एक लांब पट्टी आहे का ते बोटाने चाचपा. ती नसेल तर वारा दातांमधून थेट छातीवर येतो. चेन खालूनही उघडणारी असेल तर बसताना आणि कमरेचा दोराचा पट्टा बांधलेला असताना फार सोयीचं पडतं. आतल्या बाजूला एक मोठा खिसा हवा, ओले हातमोजे, पाण्याची बाटली आणि टॉर्चची बॅटरी अंगाच्या उबेत ठेवायला. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते.

मग जॅकेट काढून उजेडासमोर धरा. टाच्याच्या रेषांवर उजेड आरपार दिसतो का? बहुतेक हलक्या जॅकेटांत बाहेरचं आणि आतलं कापड थेट एकमेकांना शिवलेलं असतं, त्या रेषेवर पिसं नसतातच. थांबण्याच्या जॅकेटात या रेषा जितक्या कमी आणि कप्पे जितके फुगीर तितकं बरं. खूप कडक थंडीच्या जॅकेटांत दोन कापडांमध्ये उभ्या पट्ट्या घालून कप्पे पेटीसारखे करतात. तुमच्या उंचीला ते हवंच असं नाही, पण कप्प्याकप्प्यांत पिसं सारखी भरली आहेत की खांद्यावर पोकळ आणि तळाला गोळा, हे मात्र बघा. मुठीत घट्ट दाबा आणि सोडा. चांगली पिसं लगेच उसळून येतात.

एखादं पीस शिवणीतून डोकावत असेल तर ते उपटू नका. त्याच्या मागे दुसरं येतं, आणि भोक मोठं होतं. आतल्या बाजूने कापड चिमटीत धरून पीस मागे ओढा आणि शिवण चोळा.

मुलाचा भाड्याचा मुद्दा उडवून लावू नका. एकदाच जायचं असेल आणि तिथे चांगली वस्तू मिळत असेल तर भाड्याचं जॅकेट हा शहाणा पर्याय आहे. अडचण एवढीच की भाड्याची डाऊन जॅकेटं वर्षभर दाबून ठेवलेली असतात, कित्येकांच्या अंगाचं तेल आणि घाम त्यात मुरलेला असतो, त्यामुळे पिसं पूर्ण फुलत नाहीत. ‘७०० फिल’ हा आकडा ते नवं होतं तेव्हाचा. म्हणून वरच्या सगळ्या परीक्षा भाड्याच्या जॅकेटवर दुप्पट काटेकोरपणे करा, आणि ते निघायच्या आदल्या संध्याकाळी घाईत घेऊ नका. पण पत्रावरून मला असंही वाटतं की तुमचं पुन्हा जायचं ठरलेलं आहे, याच ट्रेकपुरतं नाही. तसं असेल तर ‘या वयात माझ्यासाठी एवढा खर्च कशाला’ हे तुम्ही जे लिहिलंय ते सोडून द्या. दरवर्षी आठ दिवस वापरलेलं आणि घरी सैल टांगून ठेवलेलं डाऊन जॅकेट दहा वर्षं सहज साथ देतं.

आणि तुमच्याकडचं जुनं? ते फेकू नका. बहुधा ते सिंथेटिक असावं. घरी एक प्रयोग करा. कोरडी चालण्याची जोडी घालून, त्यावर ते जॅकेट चढवून, उपलब्ध असेल त्या सगळ्यात थंड पहाटे गच्चीत पाऊण तास स्वस्थ बसा. नंतर वीस मिनिटं जिने चढून घाम येऊ द्या आणि पुन्हा तसंच बसा. दोन्हींतला फरक तुमच्या पाठीला कळेल. कदाचित असंही लक्षात येईल की या जॅकेटला आतून एक बरं फ्लीस आणि वरून हुड मिळालं तर नवीन घ्यायची गरजच नाही. दुकानदाराला हे आवडणार नाही.

आता ‘मी थंडीला कच्ची आहे’ याबद्दल. काही माणसांना इतरांपेक्षा जास्त थंडी वाजते, हे खरं आहे. शरीराची ठेवण, स्नायूंचं प्रमाण, वय, सगळ्याचा वाटा असतो. पण घरातही सगळ्यांच्या आधी तुम्हालाच शाल लागते, हातापायाची बोटं गार असतात, दम लवकर लागतो, असं असेल तर जॅकेटच्या आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन कमी असणं आणि थायरॉइड मंदावणं ही दोन्ही कारणं या वयात बायकांमध्ये नेहमी सापडतात आणि दोन्हींवर उपचार आहेत. गारठ्यात बोटं पांढरीफटक पडून मग निळी होत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. उंचीवर जाण्याआधी ते कळलेलं बरं.

शिवाय पहाटे दोनला तुम्ही काय खाऊन निघाला होतात? उंचीवर भूक मरते, तहान कळत नाही. पण इंधन नाही तर कमाई नाही, आणि कमाई नाही तर जॅकेट राखणार काय. खिशात सहज काढता येईल असं गोड काहीतरी ठेवा आणि प्रत्येक थांब्यावर भूक नसताना दोन घास घ्या. थांबल्यावर दगडावर किंवा बर्फावर थेट बसू नका. सॅकवर किंवा फोमच्या छोट्या तुकड्यावर बसा, कारण चेपलेलं जॅकेट खालून काहीच राखत नाही. टोपी घालाच, पण निम्मी उष्णता डोक्यातूनच जाते हे जे सांगतात ते खरं नाही. डोकंही बाकी शरीरासारखंच, उघडं राहिलेल्या भागाच्या प्रमाणात ऊब गमावतं. तुमच्या पायांवर काय होतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक जण छातीवर तीन थर घालतात आणि पायात एक पातळ पँट. मुक्कामाच्या संध्याकाळसाठी एक जाड पायजमा आणि कोरड्या मोज्यांची वेगळी जोडी, जी चालताना कधीच वापरायची नाही, ही जॅकेटच्या निम्म्या किमतीत जॅकेटएवढं सुख देते.

एक धोक्याची गोष्ट. तंबूत जॅकेट घालून स्टोव्हजवळ वाकू नका. वरचं कापड पातळ नायलॉनचं असतं. ज्वाळेचा नुसता स्पर्श झाला तरी ते वितळतं आणि पिसं उडायला लागतात. दुरुस्तीच्या चिकटपट्टीचा एक तुकडा सॅकमध्ये असू द्या.

आणि ओझ्याबद्दल. त्या दिवशी तुम्हाला खाली नेण्यात तुमच्या सोबत्यांनी तुमच्यावर उपकार केले असं तुम्ही समजता आहात. मला तसं वाटत नाही. बोलता न येण्याइतकी हुडहुडी म्हणजे शरीराचं तापमान उतरायला लागल्याची खूण. पुढची पायरी म्हणजे अडखळणं, चिडचिड, गोंधळ, आणि मग हुडहुडी एकदम थांबणं. ते बरं वाटण्याचं लक्षण नसतं. अशा माणसाला आडोशाला नेणं, कोरडे कपडे घालणं आणि खाली उतरवणं हेच योग्य, आणि तसंच झालं. पण त्याआधीचा अर्धा तास? दोर बांधायला वेळ लागणार हे लीडरला माहीत असणार. पंधरा-वीस माणसांना वाऱ्यात उभं करण्यापूर्वी ‘सगळ्यांनी जॅकेट घाला’ असं कुणीच का म्हटलं नाही? तो एकट्या तुमचा गाफीलपणा नव्हता.

या वेळी निघायच्या आधीच्या बैठकीत लीडरला तीन गोष्टी स्पष्ट विचारा: खिंडीखाली किती वेळ थांबावं लागू शकतं, दोर बांधणारे गटाच्या किती आधी निघतील, आणि थांबायची जागा वाऱ्याच्या आडोशाला आहे का. निघाल्यावर पहिल्या वीस मिनिटांत कपडे कमी करायला एक थांबा घ्यायचा, हेही सगळ्यांदेखत ठरवून घ्या. तुम्ही विचारलंत म्हणून हायसं वाटणारे गटात आणखी दोघं-तिघं निघतील. सोबत चालणाऱ्या एकीशी जोडी जमवा: थांबलं की ती तुमच्या गळ्याची चेन बघेल, तुम्ही तिच्या.